भरती उतरेपर्यंत

आमच्या मेडिकल कॉलेजने त्या उन्हाळी प्रशिक्षणाला दिलेलं नाव फ्लेक्सच्या एका ओळीत मावत नव्हतं. ‘किनारी’, ‘ग्रामीण’, ‘समर्पित’, ‘अभियान’ असे सगळे शब्द त्यात होते. ‘डॉक्टर’ हा शब्द तेवढा नव्हता. ज्या हॉस्पिटलात मला पाठवलं तिथेही सबंध आवारात एकच डॉक्टर होता, त्यामुळे नावात खोटं काही नव्हतं.

हॉस्पिटल एका ट्रस्टचं. सुरतेहून हजीऱ्याच्या रस्त्याने निघायचं, इच्छापोर मागे टाकायचं, कारखान्यांच्या भिंती संपू द्यायच्या आणि मग खारट, पांढऱ्या पडलेल्या जमिनीतून जात राहायचं. शेवटी एक खाडी आडवी येते. तिच्यावर पूल म्हणून सिमेंटची एक बुटकी फरशी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला ती पाण्याखाली जाते आणि पाणी उतरेपर्यंत पलीकडचं जग बेट होतं. हॉस्पिटल त्या बेटावर होतं.

ट्रस्टच्या दात्यांना मात्र खाडी आडवी आली नव्हती. बाकडं, पाण्याचा कूलर, सलाइनचा स्टँड, प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी स्मरणार्थ होती. माझ्या खोलीतल्या आरशावर मजकूर इतका लांब होता की उरलेल्या काचेत मला फक्त कपाळ दिसायचं. दोन खाटांच्या अतिदक्षता कक्षात एक नवा कोरा व्हेंटिलेटर प्लॅस्टिकच्या आवरणात उभा होता. आवरणावरून लाल रिबन गुंडाळलेली, वर कमळाएवढी गाठ. रविवारी मुख्य अतिथी येऊन ती कापणार होते. तोवर सिस्टर रोज त्या रिबनवरची धूळ झटकायच्या. त्या गुजराती, पोक्त, तोंडाने फटकळ. मला बेन म्हणायच्या आणि मुलीसारखं रागवायच्या.

माझं काम बघण्याचं होतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला कायद्याने तेवढंच करता येतं. मी रक्तदाब मोजायचे, जखमा धुवायचे, खोकल्याचं औषध द्यायचे आणि संध्याकाळी एक जाडजूड कादंबरी उघडून तिच्यावर झोपायचे. असे काही दिवस बरे गेले.

मग अमावास्येच्या सकाळी जिंग्यांच्या तळ्यावरून एक जोडपं आलं.

त्या भागात कोळंबीला जिंगा म्हणतात आणि खाडीकाठी जिकडेतिकडे जिंग्यांची तळी आहेत. मालक शहरात असतो. तळ्याच्या बांधावर झोपडी घालून एखादं जोडपं राखण करतं, वेळेवर खाद्य टाकतं. हा माणूस मोडक्यातोडक्या गुजरातीत सिस्टरना सांगत होता, बायकोचं पोट पहाटेपासून दुखतंय, उलटी झाली, आता तिला झोप आवरत नाही. त्याच्या गुजरातीला खानदेशाचा हेल होता. मी अहिराणीत विचारलं, “दादा, रातले काय खादं व्हतं?”

तो चपापून माझ्याकडे बघत राहिला. “तू आपली शे का माय?”

“शे. लिंबायतनी. मन्हा बाप लूमवर शे.”

“मी बी व्हतू,” तो म्हणाला. “उधन्याले. लूम बंद पडनं, मंग आठे उनूत.” लिंबायत काय, उधना काय, दोन्ही सुरतेतल्या यंत्रमागांच्या, खानदेशी माणसांच्या वस्त्या. त्याचा चेहरा एकदम सैल पडला. आपलं माणूस भेटलं म्हणजे आता काही वाईट होणार नाही, असा आमच्या लोकांचा एक समज आहे. परमुलखात तो माणसाला जगवतो, म्हणून तो कुणी तपासून बघत नाही.

बाई तिशीची असेल. बाकड्यावर टेकून बसली होती, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. नवऱ्याला वाटलं होतं जागरण आहे. लूमवर रातपाळी करून आलेल्या माणसाच्या पापण्या अशाच लोंबतात. त्याने तिला ताक पाजलं होतं आणि सावलीत निजवलं होतं.

डॉक्टर आले. त्यांनी तिला वर बघायला सांगितलं. तिने हनुवटी वर केली, पण पापण्या उचलल्या नाहीत.

“निजली कुठं होती?”

“भुईवर, साहेब.”

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. “काळोतरो,” सिस्टर म्हणाल्या. म्हणजे मण्यार.

“साप नही, साहेब,” नवरा म्हणाला. “मी सगळं आंग पाह्यं. दात नही, रगत नही.”

“हा साप तसाच चावतो,” डॉक्टर म्हणाले. “दुखत नाही, सुजत नाही. पोट दुखतं, आणि मग एकेक स्नायू झोपत जातो. शेवटी श्वासाचे.”

कपाटात सापाच्या इंजेक्शनच्या जेवढ्या कुप्या होत्या तेवढ्या सगळ्या सलाइनमधून सुरू झाल्या. सरकारी ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन सुरतेत शिरली होती. ती परत येईपर्यंत फरशीवर पाणी चढणार होतं. हॉस्पिटलची स्वतःची ॲम्ब्युलन्स गॅरेजमध्ये दुरुस्तीला. मोटरसायकलवर नेलं तर वाटेत श्वास थांबणार.

बाईचा आवाज नाकातून यायला लागला. ती नवऱ्याला काहीतरी सांगत होती. दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. “जिंगास्ले खाद्य टाकजो.”

“टाकसू,” तो म्हणाला. “तू नीज.”

त्यानंतर ती बोलली नाही.

श्वास उथळ झाला, ओठ काळवंडले, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या घशातून श्वासनळीत नळी घातली आणि नळीच्या तोंडाशी रबरी फुगा जोडला. तो दाबायचा की हवा आत जाते, सोडायचा की बाहेर येते. “दाबत राहा,” ते मला म्हणाले. “हळू. आपण श्वास घेतो तसा. या विषाचा अंमल उतरतो. दोन दिवस लागू देत, चार लागू देत. तोवर हिचा श्वास आपण घ्यायचा. बस एवढंच आहे.”

एवढंच होतं. मी दाबायला लागले.

डॉक्टरांनी ट्रस्टच्या प्रमुखांना फोन लावला. खोली लहान, फोनचा आवाज मोठा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. पेशंट गंभीर आहे, व्हेंटिलेटर उघडावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्रमुख भले गृहस्थ होते, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. “खोलो ने साहेब! माणसाच्या जिवाहून मोठं काय आहे?” आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, “फक्त रिबन कापता नहीं हं. उपरथी सरकावी लेजो.”

सिस्टरनी रिबन वरून सरकवली. गाठीसकट ती अखंड निघाली आणि त्यांनी ती सलाइनच्या स्टँडला अडकवली. आवरण फाडलं. यंत्र सुंदर होतं. त्याची ऑक्सिजनची नळी मात्र भिंतीतल्या ज्या तोटीला जोडायची असते, तशी तोटी आमच्या भिंतीत नव्हती. आमच्याकडे सिलिंडर होते आणि त्यांना ती नळी बसेना. कंपनीच्या माणसाला फोन केला. त्याने अदबीने सांगितलं की जोडणी लोकार्पणानंतर ठरली आहे, आणि आज तो बारडोलीला आहे.

नवरा हे सगळं दारात उभा राहून बघत होता. “ताई,” तो म्हणाला, “आमना तळावर जिंगास्ले हवा द्याले मशीन शे. रातदिन चालस. लाइट गयी तं जनरेटर लागस. आठे मानूससाठे नही?”

त्याने खरोखरीच विचारलं होतं, टोमणा नव्हता. मी दाबत राहिले. माझे दोन्ही पंजे वळायला आले होते.

थोड्या वेळाने तो आत आला आणि बायकोचा हात हातात धरून बसला. हात गार होता, बोटं पडेल तशी पडत होती. त्याने तिची पापणी वर केली. बुबूळ मधोमध, स्थिर.

“मरी गयी ना ती? खरं सांग माय.”

“जित्ती शे.”

“मंग हालत का नही?”

“इख शे म्हनीसन. तिले समदं ऐकू येस.” डॉक्टरांनी मला तसं सांगितलं होतं आणि मी ते पुस्तकात वाचलंही होतं, पण म्हणताना माझाच विश्वास डळमळत होता. मी तिच्या कानाशी वाकले. “वैनी, मन्हं ऐकू येस का? पायना आंगठा हालाव.”

काहीच झालं नाही. मग उजव्या पायाचा अंगठा, जेमतेम दिसेल इतका, हलला.

नवरा तिच्या हातावर डोकं टेकून रडायला लागला. मी त्याला म्हणाले, “दिसस तसं नसस, दादा. ध्यानमा ठेवा.” हे वाक्य मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

दुपारच्या आधी तिचा भाऊ आला. सुरतेहून लूम सोडून मोटरसायकलने निघाला होता आणि फरशीवर पाणी चढायच्या बेतात असताना पार झाला होता. पोटऱ्यांपर्यंत भिजलेला. आल्या आल्या तो मेहुण्यावर उखडला. “दाजी, जिंगास्ना तळाले बल्ब लावात, पंखा लावात, आनि मन्ही बहीणले भुईवर निजाडी? एक खाट नही भेटनी?”

“खाट व्हती. उकाडा व्हता. तीच खाले उतरनी.”

“तू उतरू दिनी!”

“भांडायचं असेल तर बाहेर,” सिस्टर हिंदीत म्हणाल्या. “नाहीतर हात धुवा आणि इकडे या. ही पोरगी दमली.”

दोघांनी हात धुतले. भावाने फुगा घेतला आणि दाबायला लागला. मला आधी बरं वाटलं. मग मी बघितलं तर त्याचा हात धावत होता. खट-खट, खट-खट. मी ती लय ओळखत होते. माझ्या वडिलांची बोटं जेवतानाही ताटाच्या कडेवर तीच लय धरतात. वर्षानुवर्षं लूमच्या आवाजात उभं राहिलेल्या हाताला दुसरा वेग माहीत नसतो. आणि इथे तो वेग घातक होता. आत भरलेली हवा बाहेर यायच्या आधी पुढची जात होती, छाती फुगूनच राहत होती.

“हळू, दादा.”

“हळूच करी ऱ्हायनू.”

डॉक्टरांनी हिंदीत समजावलं, सिस्टरनी गुजरातीत. तो माना डोलवायचा, चार वेळा हळू दाबायचा, आणि मग हात पुन्हा पळायला लागायचा. नवऱ्याचं तेच. दोघेही घामाघूम. शेवटी मला लूमवरचा तुटलेला धागा आठवला, तिथे त्याला तार म्हणतात. मी म्हणाले, “एक डाव दाबा. मंग समजा तार तुटना. मशीन बंद. तार सांधा, गाठ मारा. मंग दाबा.”

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याने एकदा दाबलं, डाव्या हाताच्या अंगठ्याने हवेत गाठ मारली, आणि पुन्हा दाबलं. बाईची छाती नीट वर आली, नीट खाली गेली.

“प्रत्येक डावले तार तुटना तं मालक हाकली देई,” तो म्हणाला.

“आज मालक नही,” नवरा म्हणाला.

दोघे हसले, आणि हसल्याची लाज वाटून पुन्हा फुग्याकडे वळले. पुढे त्यांनीच पाळ्या लावून घेतल्या. सुरतेत चालू लूम कधी थांबवून शिफ्ट बदलत नाहीत. येणारा माणूस जाणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो, आपला हात मशीनवर ठेवतो, मग पहिला हात काढतो. यांनी फुगा तसाच एकमेकांकडे दिला. एकाच्या पंज्यावर दुसऱ्याचा पंजा, दोन श्वास दोघांनी मिळून द्यायचे, मग पहिला बाजूला. कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त नाडी धरून बसले.

बाहेर भरती पूर्ण चढली. खिडकीतून दिसत होतं की फरशीच्या जागी सपाट मातकट पाणी आहे. पलीकडच्या काठावर सरकारी ॲम्ब्युलन्स येऊन उभी होती, वरचा दिवा फिरत होता. एवढ्या जवळ मदत आणि मध्ये पाणी. डॉक्टर होडीचं बोलले, पण होड्या समुद्रावर गेलेल्या, आणि जी एक होती तिच्यात नळी लावलेल्या बाईला आडवं ठेवायला जागा नव्हती.

दुपार कलली तेव्हा मी पुन्हा तिच्या कानाशी वाकले. “वैनी, आंगठा.” हलला नाही. परत म्हटलं. परत म्हटलं. नवऱ्याने फुगा दाबता दाबता पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“इख चढना,” मी म्हणाले. “नाडी शे. मी धरेल शे ना.”

“तू म्हणस तं शे,” तो म्हणाला.

भाऊ म्हणाला, “ताई, आमना गावले एक भगत शे...” आणि स्वतःच थांबला. खाडी त्यालाही आडवी होती. तेवढ्यात सिस्टरच्या मोबाइलवर ट्रस्टच्या प्रमुखांचा फोन आला. पेशंट कसा आहे, त्यांनी कळकळीने विचारलं. मग आणखी काहीतरी विचारलं. सिस्टरनी सलाइनच्या स्टँडकडे बघत सांगितलं, “हा साहेब. रिबन बराबर छे.”

पाणी उतरलं. आधी फरशीच्या कडेचे दगड दिसले, मग शेवाळलेला मधला भाग. ॲम्ब्युलन्स चाचपडत अलीकडे आली. त्याच वेळी दारात बाळंतपणाची बाई उभी राहिली, कळा सुरू असलेली. डॉक्टरांनी दोघींकडे पाहिलं. ते आमच्याबरोबर येऊ शकत नव्हते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नळीवर लक्ष ठेव. बाकी दाबत राहा.”

भाऊ ड्रायव्हरशेजारी बसला. आत ॲम्ब्युलन्सवरचा प्रशिक्षित माणूस, मी, आणि फुगा घेऊन नवरा. फरशीवर उतरताना गाडी हळू होती. अगदी हळू होती. तरी मध्यावर भरतीने आणून टाकलेला एक दगड मागच्या चाकाखाली आला, गाडी उसळली आणि तिरपी आदळली. आम्ही तिघेही स्ट्रेचरवर पडलो. सावरून बघितलं तर नवरा दाबत होता आणि छाती वर येत नव्हती. नळी निघाली होती.

आम्ही मास्क लावला. शेवाळावर गाडी मागे-पुढे घसरत होती, मास्क तोंडावर बसत नव्हता, हवा गालांवरून निसटत होती. बसला तेव्हा मी मनगट धरलं. मग मान चाचपली. ॲम्ब्युलन्सवरच्या माणसाने छातीवर हात ठेवून जोर द्यायला सुरुवात केली. तो दमला की मी. नवरा आमच्या जोरांच्या मध्ये फुगा दाबत राहिला. एक डाव दाबायचं, तार सांधायचा, एक डाव दाबायचं. त्या दिवसभरात त्याची लय इतकी बिनचूक कधी नव्हती.

पुस्तकात मृत्यू येतो तेव्हा परिच्छेद बदलतो. इथे गाडी मुख्य रस्त्याला लागली आणि हजीऱ्याकडून येणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत अडकली. सायरन वाजत होता. पुढचे ट्रेलर लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या घेऊन जागच्या जागी उभे होते, त्यांना सरकायला जागा नव्हती. ॲम्ब्युलन्सवरच्या माणसाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. आम्ही दोघेही समजलो होतो आणि दोघांनाही ते म्हणायचा अधिकार नव्हता. माणूस मेला हे फक्त डॉक्टर सांगू शकतो आणि डॉक्टर रांगेच्या त्या टोकाला, सुरतेत होता. तोपर्यंत आमच्या हाताखालची बाई नियमाप्रमाणे जिवंत होती. आम्ही जोर देत राहिलो. मधल्या काचेतून भाऊ वळून वळून विचारत होता, “बरी शे ना?” आणि नवरा मान न वळवता म्हणत होता, “चालू शे.”

सुरतेच्या हॉस्पिटलात तिला आत घेतलं. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असलेल्या एका डॉक्टरने यंत्राची सरळ रेघ बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, वेळ विचारली आणि नवऱ्याच्या हातातला फुगा काढून घेतला. भाऊ भिंतीला डोकं लावून ओरडला. मग त्यालाच फोन करावे लागले, गावाकडे, मालकाकडे, मग पोलीस, कारण सर्पदंश. अशा वेळी जो रडू शकतो त्यालाच कामं लागतात.

नवरा बाहेरच्या पायऱ्यांवर बसला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. मला तिथे थांबण्याचं काही कारण नव्हतं आणि परत जायला गाडी नव्हती. कुणीतरी दोन कप चहा आणून ठेवला. त्याने घेतला नाही.

चहावर साय धरली तेव्हा तो म्हणाला, “तुले कव्हय समजनं?”

मी खोटं सांगू शकले असते. आत डॉक्टर म्हणाले तेव्हा, असं. पण दिवसभर मी त्याला नाडी आहे म्हणून सांगत होते आणि त्याने ते मानलं होतं.

“खाडीवर,” मी म्हणाले. “दगडवर गाडी आदळनी तव्हय.”

“मले बी,” तो म्हणाला.

“मंग दाबत का ऱ्हायनात, दादा?”

त्याने आपले तळवे मांडीवर पालथे ठेवले. “तू थांब म्हणनी नही.”

 त्या ट्रेलरच्या रांगेत, तेवढा सगळा वेळ, तो दाबतो आहे म्हणून मी थांब म्हणत नव्हते.